टोपणनावाने पाठवलेली कथा

अद्भुतकथा वाचणाऱ्यांना हक्काचं व्यासपीठ मिळत नाही म्हणता? डिसेंबर २०२१ आठवा. नाशिकच्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. जयंत नारळीकर! प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, पण विज्ञानकथाकाराला हा मान मिळाला याचंच आम्हा वाचकांना अप्रूप. मी खुलताबादहून वैजापूर, येवला करत नाशिक गाठलं आणि बराच वेळ पुस्तकांच्या स्टॉलवरच रमलो.

लिहू पाहणाऱ्यांनी हा किस्सा वाचाच. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती आपल्या हाताने लिहून काढली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. एवढ्या नामवंत शास्त्रज्ञाने नावाचं वजन बाजूला ठेवून परीक्षकांपुढे जावं, हे मला फार मोठं वाटतं.

आपल्याकडे विषयांना काय तोटा? शेजारच्या वेरूळला कैलास लेण्यातल्या शिल्पात रावण पर्वत हलवतोय, पार्वती शंकराला बिलगलीय आणि मागे एक दासी घाबरून पळतेय. सध्या मी त्या दासीची गोष्ट लिहितोय.