निळ्या तळाचा ट्रे

दिवाळी जवळ आली की पुण्यात कर्वेनगरातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये किल्ले उठू लागतात. दगडविटांवर पोती अंथरून माती लिंपायची, अळीव पेरायचे, कुंभारवाड्यातून आणलेले मावळे बुरुजांवर मांडायचे. दुसऱ्या दिवशी बघावं, तर थापी बाबांच्या हातात आणि मुलं पाण्याच्या बादल्या वाहतायत. स्पर्धेचे परीक्षक यायचे असतात ना! प्ले थेरपीतला, म्हणजे खेळातून मुलांवर उपचार करण्याच्या पद्धतीतला, वाळूचा ट्रे याच किल्ल्याच्या नात्यातला. तिथे मात्र परीक्षक नसतो आणि बाबा सहसा बाहेरच्या खुर्चीत बसलेले असतात.

या ट्रेचं निम्मं श्रेय मुलांनाच द्यायला हवं. डॉ. मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी 1928 साली लंडनमध्ये मुलांसाठी दवाखाना काढला. जमिनीवर बेटं आणि शहरं मांडून खेळण्याबद्दलचं एच. जी. वेल्सचं ‘फ्लोअर गेम्स’ हे 1911चं पुस्तक त्यांच्या मनात होतं. त्यांनी कपाटात चिमुकली माणसं, प्राणी, घरं जमवली आणि खोलीत वाळूही ठेवली. कपाटातली खेळणी वाळूत नेऊन मांडली ती मुलांनी, आणि या सगळ्याला ‘वर्ल्ड’ म्हणायलाही मुलांनीच सुरुवात केली. पुढे स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ लोवेनफेल्डबाईंकडे शिकल्या आणि त्यांनी आपली वेगळी पद्धत बसवली. त्यांचा ट्रे साधारण 57 बाय 72 सेंटिमीटरचा, सात सेंटिमीटर खोल. मान न वळवता सगळं एका नजरेत मावावं असा. तळ निळा, म्हणजे वाळू बाजूला सारली की नदी.

शेजारच्या फळीवर काय ठेवायचं, हा प्रश्न महत्त्वाचा. परदेशी संचातलं चर्च नि काउबॉय इथल्या मुलाच्या काय कामाचे? रिक्षा हवी, तुळशीवृंदावन हवं, नऊवारीतली आजी, पोलीस, ॲम्ब्युलन्स, भातुकलीतली भांडी, आणि मगर तर हवीच.

पाच वर्षांच्या मुलाला ‘घरातल्या भांडणांची मला भीती वाटते’ असं वाक्य जुळवता येत नाही. पण मगरीकडून अख्खं घर खाववता येतं, बाहुला पुरता येतो, पुन्हा उकरून काढता येतो. त्या खेळात मूल घाबरलेलंही असतं आणि मगर चालवणारंही तेच असतं. घरी जे हाताबाहेर असतं, ते इथे हातात येतं. समोर बसलेली थेरपिस्ट ‘ही मगर म्हणजे कोण रे?’ असं विचारत नाही. ‘मगरीनं सगळ्यांना खाल्लं. आता कुणीच उरलं नाही,’ एवढंच म्हणते. व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी 1947 साली ‘प्ले थेरपी’ या पुस्तकात आठ तत्त्वं मांडली. त्यांचा गाभा हाच: मुलानं पुढे चालायचं, मोठ्यानं मागून, घाई करायची नाही, मर्यादा मोजक्याच ठेवायच्या. मगर हवं तेवढं चावेल, वाळू मात्र कुणाच्या डोळ्यांत फेकायची नाही.

माझ्या मते खरं कसब या गप्प बसण्यात आहे, आणि पालकांना फी जड वाटते ती नेमकी त्याचीच. पाऊण तासानं बाहेर आल्या आल्या पहिला प्रश्न: ‘आज काय शिकवलं?’

शिकवत नाहीत, तरी फरक पडतो. 2005 साली ब्रॅटन आणि सहकाऱ्यांनी 93 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा परिणामाचं माप 0.80 आलं, मानसोपचारात ते मोठं मानतात. 2015च्या लिन आणि ब्रॅटन यांच्या काटेकोर पाहणीत, बालककेंद्री पद्धतीपुरतं, ते 0.47वर उतरलं. म्हणजे उपयोग आहे, जादू नाही. ट्रे हा एक्स-रेही नव्हे. एक बाहुला पुरला म्हणून कुणी लगेच निदान सांगू लागलं, तर तिथून उठावं. थेरपिस्टचं प्रशिक्षण कुठलं, कुणाच्या देखरेखीखाली झालं, हे पहिल्याच भेटीत विचारावं.

पण खेळायला आधी जागा हवी. 1900 साली महर्षी कर्व्यांनी विधवांसाठीचा आपला आश्रम हिंगण्याच्या माळावर झोपडीत आणला. त्या माळावर आज कर्वेनगर आहे, आणि मुलांना मोकळी जागा शोधावी लागते. मैदानाची उणीव थेरपीच्या खोलीनं भरून निघत नाही, आणि खेळायला मिळत नाही म्हणून रुसलेल्या प्रत्येक मुलाला थेरपी लागते असंही नाही.

2005च्या त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली होती: प्रशिक्षण घेऊन पालक स्वतः मुलाबरोबर बसले, तेव्हा परिणाम अधिक चांगला आला. बर्नार्ड आणि लुईस गर्नी यांनी 1960च्या दशकात ही रीत घडवली. आठवड्यातून अर्धा तास, ठरलेली वेळ, फोन दुसऱ्या खोलीत, आणि किल्ला वाकडा झाला तरी थापी मुलाच्याच हातात.