स्वारगेटची पाटी आणि नाहीसे होणारे चित्र

संगणकाच्या पडद्यावर खिडकी उघडते, बटणे दिसतात, पण जिथे चित्र हवे तिथे नुसती कोरी जागा. चूक दाखवणारा संदेशही नाही. प्रोग्रॅम लिहायला नुकतीच सुरुवात केलेले विद्यार्थी इथे हमखास अडकतात, आणि 'संगणक बिघडला' किंवा 'आपल्याला हे जमणार नाही' असे ठरवून मोकळे होतात. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. चित्र कुठे असते आणि त्याचे नाव कोणाकडे असते, एवढे कळले की हे कोडे सुटते.

ज्या साधनाबद्दल आपण बोलणार आहोत त्याचे नाव टीके. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन औस्टरहाउट यांनी टीसीएल ही छोटी आज्ञाभाषा तयार केली. तिच्या जोडीला खिडक्या, बटणे, पाट्या बनवण्याची ही साधनपेटी आली. १९९५ च्या सुमारास, टीकेच्या ४.० या आवृत्तीत, चित्रे हाताळणारी 'इमेज' ही आज्ञा आली. शाळा-महाविद्यालयांत शिकवल्या जाणाऱ्या पायथन भाषेतले 'टी-किंटर' हे याच टीकेचे दार आहे.

एक उदाहरण घेऊ. पुण्याच्या स्वारगेट एस.टी. स्थानकावरून सातारा, सांगली, कोल्हापूरकडे गाड्या सुटतात. त्यांचे वेळापत्रक दाखवणारी पाटी आपल्याला पडद्यावर करायची आहे. २० ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला लाल एस.टी.चे चित्र. मग चित्रे किती लागतील? बहुतेक विद्यार्थी '२०' म्हणतील. खरे उत्तर आहे, एक.

टीकेमध्ये चित्र आणि ते दाखवणारी पाटी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. 'इमेज क्रिएट फोटो लालगाडी' अशी आज्ञा दिली (प्रत्यक्षात ती रोमन लिपीत लिहितात) की स्मृतीत एक चित्र तयार होते आणि त्याला 'लालगाडी' हे नाव मिळते. ओळीतल्या पाटीला आपण फक्त हे नाव सांगतो. वर्गातल्या ४० मुलांच्या वहीत एकाच नकाशाचा पान क्रमांक लिहिलेला असावा, तसे. नकाशा एकच, उल्लेख ४०. म्हणूनच 'लालगाडी' या चित्रात बदल केला की विसाच्या वीस ओळींत तो आपोआप दिसतो.

हा फरक किती मोलाचा आहे, ते आकड्यांत पाहू. 'फोटो' प्रकारच्या चित्रात प्रत्येक ठिपक्यासाठी ४ बाइट लागतात. लाल, हिरवा, निळा यांसाठी एकेक आणि पारदर्शकतेसाठी एक. १६०० × १२०० ठिपक्यांच्या छायाचित्रात १९,२०,००० ठिपके, म्हणजे ७६,८०,००० बाइट. फाइल तबकडीवर लहान दिसते, कारण तिथे चित्र आकसून ठेवलेले असते. स्मृतीत ते पूर्ण उलगडते. वीस ओळींसाठी असे वीस फोटो केले तर १५ कोटी ३६ लाख बाइट खर्ची पडतील.

आता 'कॉपी' आज्ञेला 'सबसँपल ८' सांगून आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी दर आठवा ठिपकाच घेतला, तर चित्र २०० × १५० होते आणि १,२०,००० बाइटांत मावते. अर्थात मूळ मोठे चित्र नंतर 'इमेज डिलीट'ने काढून टाकले, तरच ही बचत पदरात पडते.

'बिटमॅप' हा दुसरा प्रकार याहून काटकसरी. त्यात प्रत्येक ठिपक्याला फक्त एक बिट, त्यामुळे तेवढेच चित्र ३,७५० बाइटांत बसते. रंग दोनच, पण ते केव्हाही बदलता येतात. 'गाडी उशिरा' अशा खुणेला हे पुरेसे आहे.

आता त्या कोऱ्या जागेकडे वळू. पाटी वापरत असलेले चित्र आपण पुसले तर काय होते? पाटी आपला आकार तसाच ठेवते, पण आतून रिकामी होते. त्याच नावाचे चित्र पुन्हा तयार केले, की ती पुन्हा भरते. पाटीला चित्र माहीत नसते, नाव तेवढे माहीत असते, याचा हा पुरावाच.

पायथनमध्ये हे पुसण्याचे काम नकळत घडते. फलनाच्या आत चित्र तयार करून ते तिथल्याच स्थानिक चलात ठेवले, तर फलन संपताच तो चल नाहीसा होतो. या चित्राची आता कोणाला गरज नाही असे समजून पायथन ते पुसून टाकते. पाटीकडे नाव आहे, हे पायथनच्या हिशोबात येत नाही. उपाय सोपा आहे: खिडकी असेपर्यंत टिकेल अशा चलात चित्र धरून ठेवायचे. टीसीएलमध्ये अडचण नेमकी उलटी. तिथे आपण सांगेपर्यंत चित्र पुसलेच जात नाही, आणि विसरलेली चित्रे स्मृती अडवून बसतात.

कोऱ्या जागेचे दुसरेही एक कारण वाटू शकते, पण ते वेगळे ओळखू येते. टीके मुळात जीआयएफ आणि पीपीएम, तर २०१२ च्या ८.६ आवृत्तीपासून पीएनजी वाचते. जेपेग वाचायला जोड-साधन लागते. ते नसेल तर स्पष्ट संदेश येतो. चूक गुपचूप झाली असेल, तर संशय आधी नावावर घ्यावा.

हा खेळ केवळ पाट्यांपुरता नाही. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणींची चित्रे पाहण्यासाठी वापरतात ती 'डीएस-९' ही प्रणाली टीसीएल-टीकेवरच उभी आहे.

वर्गात हा प्रयोग जरूर करावा. एक चित्र तीन पाट्यांवर दाखवा. 'इमेज नेम्स'ने नावांची यादी पाहा. टीकेची स्वतःची काही चित्रेही तीत दिसतील. 'इमेज इनयूज'ने चित्र वापरात आहे का ते विचारा. मग चित्र पुसा, आणि त्याच नावाने दुसरेच चित्र तयार करा. पाट्यांवर काय दिसेल, हे मात्र मुलांना आधी वहीत लिहायला सांगा. कारण वस्तू आणि तिचे नाव यांतला फरक पडद्यावर पाहण्याआधी मनात उमटला, तर तो विसरला जात नाही.