पोत्यांतून निघून गेलेले पाणी

१९९० च्या सुमारास जगातील प्रमुख गहू निर्यातदार देशांत सौदी अरेबियाची गणना होत असे. ज्या देशात बारमाही वाहणारी एकही नदी नाही, त्या देशाचा गहू जहाजे भरभरून परदेशी जात होता. सरकार जागतिक बाजारभावाच्या कित्येक पट दराने गहू विकत घेत होते, आणि तेलाच्या पैशावर वाळवंटात खोल विंधनविहिरी घेतल्या गेल्या होत्या. विमानातून पाहणाऱ्याला पिवळ्या वाळूत मोठमोठी हिरवी वर्तुळे आखलेली दिसत. १९९२ च्या आसपास उत्पादन ४० लाख टनांवर पोहोचले. मात्र या शेतीला लागणारे पाणी त्या वर्षीच्या पावसाचे नव्हते. हजारो वर्षांपूर्वी, तेथील हवामान दमट असताना, खडकांत मुरून राहिलेला तो साठा होता आणि त्यात नव्याने भर पडणे जवळजवळ थांबलेले होते. अखेर २००८ मध्ये सरकारने धोरण फिरवले. गव्हाची सरकारी खरेदी दरवर्षी थोडी थोडी कमी करीत २०१६ मध्ये ती बंद करण्यात आली.

व्यापारी घराण्यात वाढलेल्या कोणालाही या प्रकाराचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. मुद्दल खर्ची घालायचे, ते नफा म्हणून वहीत मांडायचे आणि तिजोरीचा तळ दिसेपर्यंत भरभराट मिरवायची, अशी पेढी किती वर्षे टिकते हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक असते. जगातील गोड्या पाण्याच्या टंचाईचा विचार नेमका याच दृष्टीने करावा लागतो, कारण केवळ एकूण साठ्याचे आकडे पाहिले तर टंचाई दिसतच नाही.

पृथ्वीवरील पाण्यापैकी सुमारे अडीच टक्केच पाणी गोडे आहे. त्यातही दोनतृतीयांशांहून अधिक बर्फात अडकलेले, बरेचसे भूगर्भात आणि नद्या-सरोवरांत अगदी नाममात्र. हे शाळेतील पुस्तकातही असते. परंतु खरी कमाई म्हणजे पाऊस व हिमवर्षाव यांतून दरवर्षी नव्याने मिळणारे पाणी. जगातील नद्या व भूजल मिळून ही वार्षिक आवक ४० हजार घनकिलोमीटरांहून अधिक भरते. माणूस त्यातून सुमारे ४ हजार घनकिलोमीटर उचलतो. दहा रुपयांच्या मिळकतीवर एक रुपया खर्च, असा हा हिशेब वरवर पाहता सुखाचा वाटतो.

तो फसवा आहे. एकट्या ॲमेझॉन नदीतून जगातील सर्व नद्यांच्या प्रवाहाचा सुमारे सहावा हिस्सा समुद्रास मिळतो, आणि तिच्या खोऱ्यात वस्ती विरळ आहे. भारतात जगातील सुमारे १८ टक्के लोक राहतात. गोड्या पाण्याचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास. शिवाय जे मिळते त्याचा बहुतांश भाग पावसाळ्याच्या चार महिन्यांत येतो. पाणी ज्या गावी आणि ज्या महिन्यात हवे, तेथे व तेव्हा नसणे, हीच टंचाई.

स्वीडनच्या जलशास्त्रज्ञ मालिन फाल्केनमार्क यांनी १९८० च्या दशकात एक सोपे माप दिले. माणशी वर्षाला १,७०० घनमीटरांपेक्षा कमी पाणी मिळणारा प्रदेश ताणाखाली, १,००० च्या खाली टंचाईग्रस्त आणि ५०० च्या खाली तीव्र टंचाईग्रस्त समजावा. या मापाने पाहता भारतात १९५१ मध्ये माणशी ५,१७७ घनमीटर पाणी उपलब्ध होते. २०११ मध्ये ते १,५४५ झाले. देशाचा पाऊस काही त्या प्रमाणात घटलेला नाही, वाटेकरी वाढले. माप उपयुक्त खरे, पण त्यात दोन उणिवा राहतात. वर्षाच्या सरासरीत एप्रिल-मे दिसत नाही आणि देशाच्या सरासरीत जिल्हा दिसत नाही. मेस्फिन मेकोनेन आणि आर्येन हूक्स्ट्रा या दोन संशोधकांनी २०१६ मध्ये महिन्यागणिक हिशेब मांडला, तेव्हा जगातील सुमारे ४०० कोटी लोक वर्षातून किमान एक महिना तीव्र टंचाई भोगतात असे दिसून आले. त्यांतले जवळजवळ निम्मे भारत आणि चीन या दोन देशांत आहेत.

सरासरीत न दिसणारा जिल्हा कसा असतो, हे त्याच वर्षी महाराष्ट्राने पाहिले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याच्या वाघिणी जोडलेली आगगाडी लातूरला पोहोचली. पहिल्या खेपेत ५ लाख लिटर पाणी होते. त्यापूर्वी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती; मांजरा धरण कोरडे पडले होते. पाऊस सलग दोन वर्षे कमी झाला होता हे खरेच. परंतु ज्या पट्ट्यात टँकर फिरत होते, त्याच पट्ट्यात ऊस उभा होता आणि साखर कारखानेही होते. महाराष्ट्रात लागवडीखालील क्षेत्रापैकी ४ टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस असून सिंचनाचे जवळजवळ ७० टक्के पाणी तो घेतो, असे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने नोंदवले आहे. एक किलो साखरेमागे साधारण दीड ते दोन हजार लिटर पाणी खर्ची पडते. मिरजेच्या त्या पहिल्या गाडीतील सगळे पाणी उसाला घातले असते तर साखरेची अडीच-तीनशे किलोंची, म्हणजे पाच-सहा पोत्यांची बेगमी झाली असती.

ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे नाही. उसाला ठरलेला भाव आहे आणि ठरलेला गिऱ्हाईक आहे. लातूर ही तुरीची नामांकित बाजारपेठ. तेथील डाळ गिरण्यांचा माल देशभर जातो. तूर मराठवाड्यात बहुतांशी पावसावर पिकते, तिला उसासारखे पाणी लागत नाही. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली, म्हणून पुढच्या हंगामात शेतकऱ्यांनी तूर भरभरून पेरली. पाऊसही चांगला झाला. मग २०१७ च्या आरंभी भाव ५,०५० रुपयांच्या हमीदराखाली कोसळले, खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या आणि बारदाना नाही म्हणून खरेदी अडली. ज्याने कमी पाण्याचे पीक घेतले त्याला बाजाराने असा धडा दिला, तर तो पुन्हा उसाकडे वळणार नाही काय? पाण्याच्या प्रश्नाची एक गाठ अशी अडतीच्या दुकानात आणि गोदामात बसलेली आहे. धरणाच्या भिंतीपाशी ती शोधून सापडत नाही.

माल विकला की त्याबरोबर पाणीही विकले जाते, हा विचार लंडनचे प्राध्यापक टोनी ॲलन यांनी १९९० च्या दशकात मांडला. त्याला त्यांनी ‘आभासी पाणी’ असे नाव दिले. पुढे २००८ मध्ये त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. मध्यपूर्वेतील देश पाण्यावरून आपसांत लढत का नाहीत, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. ते धान्य आयात करतात, म्हणजेच पाणी आयात करतात, हे त्याचे उत्तर. वर्षाला जे ४ हजार घनकिलोमीटर पाणी माणूस उचलतो, त्यातील सुमारे ७० टक्के शेतीला जाते. घरगुती वापराचा वाटा साधारण १२ टक्के. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहराने २०१८ च्या दुष्काळात माणशी दिवसाला ५० लिटरांची मर्यादा घातली, आणि नागरिकांनी तीन वर्षांत शहराचा वापर निम्म्याहून खाली आणला. नळ बंद पडण्याची वेळ टळली. तो संयम खरोखर आदर्श आहे. पण घरातील बादली वाचवून जगाचा हिशेब जुळणार नाही, कारण मोठी रक्कम दुसऱ्याच खात्यावर पडलेली आहे. शाकाहारी कुटुंबांनाही येथे निश्चिंत राहता येत नाही. मांसापेक्षा धान्य-कडधान्याला पाणी कमी लागते हे मान्य. तरी तांदूळ, साखर आणि सुती कापड या तिन्ही गोष्टी त्यांच्याच घरात आणि बहुधा त्यांच्याच दुकानातही असतात.

मात्र असे आकडे वाचताना एक विवेक राखावा लागतो. एक किलो साळीला सरासरी अडीच हजार लिटर पाणी लागते, हा आकडा वारंवार छापला जातो. कोकणातील भात आकाशातून पडणाऱ्या पाण्यावर वाढतो. ते पाणी वापरले नाही तर समुद्रालाच मिळणार. तोच तांदूळ पंजाबात उपशाच्या पाण्यावर पिकवला की सौदी गव्हाची गोष्ट नव्याने सुरू होते. पंजाबात भूजलाची वार्षिक भर आणि वार्षिक उपसा यांचे प्रमाण पाहिले, तर शंभर मिळकतीवर दीडशेहून अधिक खर्च चालू आहे. २००२ ते २००८ या काळात पंजाब, हरियाणा आणि राजस्थान मिळून सुमारे १०९ घनकिलोमीटर भूजल घटल्याचे उपग्रहांच्या मोजणीतून २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे शेतीपंपाची वीज फुकट आहे आणि भाताची सरकारी खरेदी निश्चित आहे. पंजाबी माणूस स्वतः मुख्यतः गव्हाची पोळी खातो. भात पोत्यांतून बाहेर जातो. जगातील तांदळाच्या निर्यातीत भारताचा वाटा सुमारे ४० टक्के असतो. पंजाब सरकारने २००९ मध्ये कायदा करून ऐन उन्हाळ्यातील भातलावणीस बंदी घातली, त्याने पाणी काहीसे वाचले. पण कापणी पुढे गेली, गव्हाच्या पेरणीआधी रान मोकळे करायला दिवस थोडे उरले, म्हणून धसकटे जाळण्याचे प्रमाण त्या काही आठवड्यांतच एकवटले आणि दिल्लीवर धूर साचू लागला. निसर्गाच्या वहीत एका खात्यातील रक्कम अशी दुसऱ्या खात्यात उमटते.

कापसाची कथा याहून जुनी आहे. मध्य आशियातील अरल समुद्र, म्हणजे वस्तुतः एक प्रचंड सरोवर, १९६० मध्ये सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटर पसरलेले होते. महाराष्ट्राच्या पंचमांशाहून मोठे. अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्या त्यास भरीत. सोव्हिएत राज्यकर्त्यांनी दोन्ही नद्या कापसाच्या शेतांकडे वळवल्या. विदर्भाप्रमाणे तेथेही कापसाला ‘पांढरे सोने’ म्हणत. काराकुम कालवा वाळवंटातून तेराशेहून अधिक किलोमीटर नेला, पण त्याला बराच काळ अस्तर नव्हते, त्यामुळे पुष्कळ पाणी वाटेतच वाळूत जिरले. सरोवर आटत गेले, उरलेल्या पाण्याची क्षारता वाढली, मासे मेले, आणि मुयनाक या बंदरातील जहाजे कोरड्या वाळूत रुतून राहिली. २००७ पर्यंत मूळ क्षेत्राचा दहावा हिस्साच शिल्लक होता. या सर्व काळात कापूस मात्र पिकत होता, विकला जात होता आणि ताळेबंदात नफा दिसत होता.

पुढे सरोवराचे दोन भाग पडले. उत्तरेकडील कझाकस्तानने जागतिक बँकेच्या साहाय्याने २००५ मध्ये सुमारे १३ किलोमीटर लांबीचा कोक-अरल बांध पुरा केला आणि सिर दर्याचे कालवे दुरुस्त केले. उत्तर भागातील पाण्याची पातळी अपेक्षेहून लवकर, अवघ्या काही महिन्यांत चढली. क्षारता उतरली, गोड्या पाण्याचे मासे परतले आणि कोळ्यांच्या नावा पुन्हा पाण्यात उतरल्या. दक्षिणेकडील उझबेकिस्तानात अमू दर्याचे पाणी अजूनही मुख्यतः शेतांतच संपते. २०१४ मध्ये तेथील पूर्वेकडचे खोरे पूर्णपणे कोरडे पडले. आता उडणारी खारट धूळ थोपवण्यासाठी त्या सरोवराच्या तळावर सॅक्सौल नावाची वाळवंटी झुडपे लावली जात आहेत.