निनावी वाट व तिचा वेग

भाव आधीच फुटला की सौदा बिघडतो, हे धान्याच्या पेठेत वाढलेल्या माणसास सांगावयास नको. तथापि इंटरनेटवर कोणत्या मालाची चौकशी केली, याचा माग मागे राहतो, याचा विचार आम्ही व्यापारी क्वचितच करतो.

हा माग झाकणाऱ्या ‘टॉर’ जाळ्यामागील कल्पना अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० नंतरच्या दशकात निघाली. २००२ साली ते जाळे सुरू झाले व २००६ पासून एक ना-नफा संस्था ते सांभाळीत आहे. एका लखोट्यात दुसरा व त्यात तिसरा घालून पत्र तीन अडत्यांच्या हातून धाडावे आणि प्रत्येकाने आपलाच लखोटा उघडावा, तशी ही योजना आहे. पहिल्यास धाडणारा ठाऊक, मुक्काम नाही; शेवटच्यास मुक्काम ठाऊक, धाडणारा नाही.

तीन हातांतून माल जावयाचा म्हणजे विलंब आलाच. म्हणून काही उतावळे लोक टप्पे कमी करू पाहतात, अथवा जवळचेच टप्पे निवडून ठेवतात. यात व्याजापायी मुद्दल जाते, असे आमचे मत आहे. निनावीपण गर्दीत असते. ज्याची मांडणी चारचौघांहून निराळी, तो चटकन ओळखू येतो.

सुदैवाने ही मांडणी आता यंत्रच करते. पूर्वी ब्राउझरमध्ये प्रॉक्सीचा पत्ता हाताने भरावा लागे. टॉर ब्राउझरमध्ये तो आधीच भरलेला असतो. जेथे वाट अडविली जाते, तेथे २०२२ च्या ११.५ आवृत्तीपासून तो त्या प्रदेशास योग्य असा आडवाटेचा ‘पूल’ आपणहून निवडू शकतो. वेगाकडेही कर्त्यांनी लक्ष पुरविले आहे. २०२३ साली टॉरच्या ०.४.८ आवृत्तीत एकच माल दोन वाटांवर वाटून नेण्याची सोय झाली. प्रत्येक वाटेचे तीन टप्पे मात्र शाबूत राहिले.

तरीही दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. संकेतस्थळ ‘एचटीटीपीएस’चे नसेल, तर शेवटच्या टप्प्यास मजकूर वाचता येतो, आणि स्वतःच्या नावाने खाते उघडले की त्या स्थळापुरते निनावीपण संपलेच.

चौकशी झाकावी, हिशेब झाकू नये. तरुण सभासदांनी हा ब्राउझर मूळ संस्थेच्याच संकेतस्थळावरून घ्यावा, वेळोवेळी अद्ययावत करावा आणि त्याच्या मांडणीस विनाकारण हात लावू नये, एवढीच आमची विनंती.