चित्राक्षरे शिकावयाची कशी?

भारत आणि जपान यांच्यात १८ जानेवारी २०२१ रोजी कुशल कामगारांविषयीचा सहकार्य-करार झाला आणि रुग्णशुश्रूषा, शेती, बांधकाम अशा क्षेत्रांत भारतीय तरुणांसाठी जपानचे दार किलकिले झाले. दारावर अट आहे ती भाषेची. जपानी भाषा-प्रावीण्य परीक्षेची एन-४ ही पायरी किंवा तिच्या तोडीची दुसरी चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. पुण्यात जपानी शिकविण्याची परंपरा जुनी आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडील पदवीधराला मात्र बरेचसे आपले आपणच शिकावे लागते. त्यामुळे अभ्यासाची पद्धत कोणती, हा प्रश्न त्याच्यापुरता केवळ हौसेचा राहत नाही.

आरंभ तसा सुखाचा आहे. हिरागाना आणि काताकाना या दोन्ही लिप्यांत प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे असून त्यांचा 'आ, का, सा, ता, ना' हा क्रम संस्कृत वर्णमालेच्या प्रभावातून आलेला आहे. वाक्यात क्रियापदही मराठीप्रमाणे शेवटीच येते. भिंत उभी राहते ती 'कांजी' या चित्राक्षरांची. नित्य वापराची म्हणून जपान सरकारने मान्य केलेली कांजी २,१३६ आहेत. त्यांपैकी १,०२६ प्राथमिक शाळेतच शिकविली जातात.

एकेका चिन्हाला बहुधा दोन उच्चार असतात, याची नवख्याला धास्ती वाटते. वस्तुतः मराठी वाचकाला त्यात नवल वाटू नये. आपण 'पाणी' पितो, पण धरणामागे साठतो तो 'जलाशय'. जपानीतही पाण्याचे चिन्ह एकटे असता 'मिझू' आणि जोडशब्दात 'सुई' असे वाचतात. ज्या माडिया मुलाने घरी 'एर', शाळेत 'पाणी' आणि पुस्तकात 'जल' शिकले, त्याची तर ही तालीम कधीच झालेली आहे.

जपानी शाळेचा क्रम तसाच उचलावा, असे अनेकांना वाटते. परंतु तेथील मुलाला शब्द आधीच येत असतो, फक्त चिन्ह नवे असते. भामरागडच्या विद्यार्थ्याला दोन्ही नवी. अर्थ न कळता बाराखडी घोकण्याचा अनुभव या भागाला पुरेसा आहे.

दुसरी वाट जेम्स हायसिग यांच्या 'रिमेंबरिंग द कांजी' या १९७७ पासूनच्या ग्रंथमालेची. चिन्हाचे घटक सुटे करावयाचे आणि कल्पनेने त्यांची गोष्ट रचावयाची. झाडाचे एक चिन्ह म्हणजे 'की', दोन झाडे म्हणजे 'हायाशी' अर्थात राई, तीन झाडे म्हणजे 'मोरी' अर्थात अरण्य. झाडाशेजारी माणूस ठेवला की झाली विश्रांती. सागवनात वाढलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही! पण या मालेच्या पहिल्या खंडात दोन हजारांहून अधिक चिन्हांचे केवळ अर्थ आणि लेखन येते. उच्चार दुसऱ्या खंडावर ढकलले आहेत. म्हणजे भांडवल सारे आधी गुंतवावयाचे आणि परतावा मागाहून. पोलीस भरतीची जाहिरात निघाली किंवा धानाची रोवणी आली की येथील विद्यार्थ्याचा अभ्यास खंडित होतो. तो सहाशे चिन्हांवर थांबला तर त्याला एक ओळही मोठ्याने वाचता येणार नाही.

तेव्हा मध्येच थांबले तरी हाती काय उरते, या कसोटीवर पद्धत निवडणे शहाणपणाचे. तीवर टिकते ती शब्दांमधून चिन्हे शिकण्याची रीत. पन्नास शब्द आले तर पन्नास शब्द वाचता येतात. घटकांचे ज्ञान मदतीला घ्यावे, पण त्यावर विसंबू नये. देवळाच्या चिन्हाचा 'जी' हा उच्चार 'वेळ' आणि 'धरणे' यांच्या चिन्हांतही टिकतो; 'वाट पाहणे' याच्या चिन्हात देऊळ तेच, उच्चार मात्र 'ताई'. 'धरणे' आणि 'वाट पाहणे' यांत फरक आहे तो फक्त डाव्या अंगाचा. परीक्षेत हाताने लिहावे लागत नाही, सारे पर्यायी प्रश्नच असतात. तरी असल्या जोड्या चार वेळा लिहून काढाव्यात.

उजळणीसाठी सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये सुचविलेली पेटी पुरेशी आहे. बुटांच्या खोक्यात पाच कप्पे करावेत. आठवलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा पाहिली जाते. चुकलेली पहिल्यात परत येते. वीज लागत नाही, मोबाइलची रेंज लागत नाही. पथ्य एकच. चिठ्ठीमागील उच्चार देवनागरीत लिहू नये, हिरागानातच लिहावा. आपल्या 'ओ'त ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही. त्यामुळे 'येथे' या अर्थाचा जपानी शब्द आणि 'उच्च माध्यमिक शाळा' या अर्थाचा शब्द, दोन्ही देवनागरीत 'कोको' असेच उतरतात.