गोळीने दुःख विसरते, दुःखाचे कारण जात नाही

"रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, एखादी गोळी सांगा," असे वस्तीतल्या आयाबाया आम्हाला नेहमी म्हणतात. त्यांच्यासाठी आज एका कादंबरीतली गोष्ट सांगतो.

आल्डस हक्सले या इंग्रज लेखकाची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' ही कादंबरी १९३२ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या भविष्यातल्या लंडनमध्ये माणूस आईच्या पोटी येत नाही, बाटलीत वाढवला जातो. अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन हे पाच वर्ग बाटलीतच ठरतात. खालच्या वर्गाच्या गर्भाला प्राणवायू मुद्दाम कमी देतात. मुले झोपली की 'आपला वर्गच बरा' असे त्यांच्या कानात घोकवतात. जन्माआधीच माणसाची पायरी ठरवणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

तरीही मन कधीतरी दुखतेच. त्यासाठी सरकारच 'सोमा' नावाची गोळी वाटते. हे नाव वेदांतल्या सोमरसावरून घेतले आहे. एका इस्पितळातले १६२ डेल्टा कामगार दिवसाचे काम संपले की या गोळीसाठी गर्दी करतात. जॉन हा बाहेरून आलेला तरुण. त्याची आई नुकतीच त्याच इस्पितळात वारली आहे. 'हे विष आहे' असे सांगून तो गोळ्या खिडकीबाहेर फेकतो, तर कामगार त्याच्यावरच धावून जातात. पोलीस येऊन सोमाची वाफ फवारतात आणि सगळे शांत होते. कामगारांची पायरी मात्र होती तीच राहते.

जॉनच्या आईचे, लिंडाचे, काय झाले? ती दिवसाला वीस ग्रॅमपर्यंत सोमा घेत होती. याने श्वास बंद पडेल, हे डॉक्टरला ठाऊक होते. तरी त्याने तिला हवा तेवढा घेऊ दिला.

सोमा कल्पनेतला आहे, पण अल्प्राझोलाम, डायझेपाम या गोळ्या खऱ्या आहेत. डॉक्टरांनी ठरवलेल्या दिवसांपुरत्या त्या उपयोगी पडतात. मनानेच चालू ठेवल्या तर सवय लागते, विसराळूपणा येतो, म्हातारी माणसे तोल जाऊन पडतात. दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो. म्हणून चिठ्ठीशिवाय त्या घेऊ नका, शेजारणीची गोळी तर मुळीच नको. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.

एक गैरसमज मात्र नको. नैराश्य किंवा इतर मानसिक आजारावर डॉक्टरांनी दिलेले औषध म्हणजे सोमा नव्हे. तो उपचार आहे. लोक काय म्हणतील म्हणून तो सोडू नका.

झोप का लागत नाही, हेही घरात बोला. कर्ज आहे, नवऱ्याची दारू आहे, की कामावरचा अपमान? गोळी रात्र काढून देते, पण सकाळी कर्ज तेवढेच असते. त्यासाठी चार माणसांत बसून बोलावे लागते, प्रसंगी भांडावेही लागते. मन फारच खचले तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत असून दिवसरात्र चालू असते.