कोणतं फ्रेमवर्क घेऊ?

दिवाळीत बडोद्याच्या घरी सगळे जमले की कॉलेजातली भावंडं मला एकच प्रश्न विचारतात. यंदा मामेबहिणीची पाळी होती. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, विषय हॉस्टेलच्या मेसचा हिशेब, आणि सुट्टी संपताच फॉर्म भरून द्यायचा. "दादा, सर्व्हरसाठी काय घेऊ? नोड, जँगो, स्प्रिंग बूट की लाराव्हेल?"

फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटच्या मागच्या बाजूचा तयार सांगाडा. लॉगिन, फॉर्म, डेटाबेसशी बोलणं ही कामं दर वेळी पहिल्यापासून लिहावी लागू नयेत म्हणून तो असतो. तिला उत्तर देण्याआधी मी २०१७ सालची माझी फजिती सांगितली.

एका पॅथॉलॉजी लॅबचं बिलिंगचं काम आलं होतं. मी नोड, त्यावर एक्सप्रेस आणि डेटाबेस म्हणून मोंगोडीबी घेतलं. कारण? तेव्हा जिथे जावं तिथे त्याचंच कौतुक चालू होतं. नोड वाईट मुळीच नाही. रायन डालने २००९ मध्ये ते आणलं ते हजारो कनेक्शन्स एकाच वेळी उघडी असली तरी सर्व्हर अडून राहू नये म्हणून. चॅटसाठी, लाइव्ह स्कोअरसाठी झकास. पण आमच्या लॅबला काउंटर होते तीन!

लॅबची गरज वेगळीच होती. बिल, पावती आणि तपासणीची नोंद, तिन्ही एकदम व्हायला हव्यात, नाहीतर एकही नको. याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. मोंगोडीबीत तेव्हा अनेक नोंदींचं मिळून एक ट्रान्झॅक्शन करता येत नव्हतं. ती सोय २०१८ मध्ये ४.० आवृत्तीत आली. सर्व्हर मधेच बंद पडला की बिल राहायचं आणि पावती गायब. महिनाअखेरीला हिशेब जुळेना. लॅबचे हिशेबनीस साठीचे काका, रात्री अकरापर्यंत वही आणि स्क्रीन ताडून बघत बसायचे. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

शेवटी सगळं जँगो आणि पोस्टग्रेसवर पुन्हा लिहिलं, आमच्या खर्चाने. जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्रात झाला. २००३ मध्ये तिथल्या प्रोग्रॅमरांनी ते सुरू केलं आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. (नाव मात्र जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं.) वर्तमानपत्रात वेळ कमी, आणि मजकूर भरणारे लोक प्रोग्रॅमर नसतात. म्हणून त्यात अ‍ॅडमिनची स्क्रीन तयारच मिळते. त्याच स्क्रीनवर आमचे काका तपासण्यांचे दर स्वतः बदलू लागले. एक्सप्रेसमध्ये हे सगळं मला वेगवेगळी पॅकेजेस जोडून करावं लागलं होतं. पॅकेजेसचं तर काय सांगावं! मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि जगभरातली कितीतरी प्रोजेक्ट्स बिल्ड होईनाशी झाली.

आता काम घेताना मी आधी विचारतो, माझ्यानंतर हे कोण सांभाळणार? कंपनीत जावावाले असतील तर स्प्रिंग बूट. स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग आणि पीएचपी जाणणारा माणूस असेल तर लाराव्हेल, त्यात कमीपणा कसला? दुसरं बघतो ते दुरुस्त्या किती वर्षं मिळतील ते. जँगोच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला साधारण तीन वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. एप्रिल २०२३ मधल्या ४.२ ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतची. ग्राहकाला हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं, नंतर खर्चाची गोष्ट काढली की तोंडं वाकडी होतात.

बहिणीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे जँगो. पण मला आणि माझ्या पार्टनरला फक्त जावास्क्रिप्ट येतं, आणि हातात चारच महिने आहेत."

मुद्दा बिनतोड होता. नवी भाषा शिकण्यात दोन महिने गेले असते, आणि ते प्रोजेक्ट सांभाळणार त्या दोघीच. मी विचारलं, "मेसचे पैसे कुठे नोंदणार?"

तिने फॉर्म काढला. फ्रेमवर्कच्या रकान्यात एक्सप्रेस तसंच ठेवलं, आणि डेटाबेसच्या रकान्यातलं मोंगोडीबी खोडून पोस्टग्रेस लिहिलं.